स्वतःला रोमन म्हणवणारी माणसं : एका पुस्तकाशी वाद

गेल्या खेपेला आपण रूसोपाशी थांबलो होतो. आज पुढे न जाता मी तुम्हाला जरा आडवाटेनं नेणार आहे, कारण मला एक जुनं देणं फेडायचं आहे.

मी चौतीस वर्षं राजकीय तत्त्वज्ञान शिकवलं. प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, ऑगस्टीन, आणि तिथून उडी मारून मॅकिआव्हेली. मधल्या काळातल्या पूर्वेकडच्या राज्याला माझ्या टिपणवहीत एकच ओळ होती : ‘इ.स. ४७६ मध्ये रोमन साम्राज्य संपले. पूर्वेस बायझंटाईन साम्राज्य उरले, ती ईश्वरदत्त एकाधिकारशाही होती.’ दरवर्षी मी ती ओळ वाचायचो आणि मुलं उतरवून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, ‘‘सर, साम्राज्य संपलं हे तिथल्या लोकांना कुणी सांगितलं?’’ वर्ग हसला, मीही हसलो, आणि ‘परीक्षेला हे येत नाही’ असं म्हणून पुढे गेलो. शिक्षक हरला की परीक्षेच्या आड लपतो, तसा मी लपलो.

निवृत्तीनंतर अँथनी काल्डेलिस या इतिहासकाराची दोन पुस्तकं वाचली. ‘द बायझंटाईन रिपब्लिक’ हे २०१५ चं आणि ‘रोमनलँड’ हे २०१९ चं. वाचताना ती मुलगी डोळ्यांपुढे येत राहिली. आज मुख्यतः पहिल्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. त्यातलं निम्मं मला पूर्ण पटलं. उरलेल्या निम्म्याशी माझं भांडण आहे, आणि तेही सांगणार आहे.

आधी नावाचा प्रश्न घेऊ. ‘बायझंटाईन’ नावाचं राज्य कधीच नव्हतं. बायझँटिअन हे एका जुन्या ग्रीक नगराचं नाव. तिथं कॉन्स्टंटाईननं आपली नवी राजधानी वसवली आणि ३३० साली तिचं लोकार्पण केलं. ती नवी रोम, म्हणजेच कॉन्स्टँटिनोपल. तिथलं राज्य १४५३ पर्यंत चाललं, आणि या अकराशेपेक्षा जास्त वर्षांत तिथली माणसं स्वतःला रोमन म्हणत होती. राज्याचं नावही रोमनांचं राज्य असंच होतं. इतिहासलेखनात ‘बायझंटाईन’ शब्द आणला तो १५५७ साली हिएरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानानं. राज्य बुडून तेव्हा शंभर वर्षं उलटली होती. शब्द सर्रास झाला तो तर एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्यांना आपण या नावानं ओळखतो, त्यांना ते कळलंही नसतं.

तुम्ही म्हणाल, नावात काय एवढं? तर त्यांच्या दृष्टीनं पुष्कळ होतं. ९६८ सालची गोष्ट. पोपचं एक पत्र कॉन्स्टँटिनोपलला आलं. त्यात सम्राट निकेफोरसचा उल्लेख ‘ग्रीकांचा सम्राट’ असा होता. दरबार इतका संतापला की पत्र घेऊन येणाऱ्यांची रवानगी थेट तुरुंगात झाली. लिउटप्रांड हा पश्चिमेकडचा राजदूत तेव्हा तिथंच होता, त्यानं हे नोंदवून ठेवलंय. पश्चिमेला ८०० साली शार्लमेनच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला गेला होता. आपला रोमन सम्राट खरा ठरवायचा तर समोरच्याला ग्रीक म्हणणं सोयीचं होतं. दुसऱ्याचं नाव बदलून त्याचा हक्क काढून घेण्याची ही युक्ती आहे. ती ‘बायझंटाईन’ शब्दातही टिकली, आणि माझ्या टिपणवहीपर्यंत पोचली.

आता काल्डेलिस यांचं पहिलं म्हणणं बघा. २१२ साली सम्राट काराकाल्लानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिलं. त्याचा हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की रोमन असणं रोम शहरापासून सुटं झालं. कायदा तोच, हक्काचं नाव तेच, मग तुम्ही ग्रीक बोला की आणखी काही. चार-पाच पिढ्यांत ग्रीक बोलणाऱ्या माणसांना स्वतःला रोमन म्हणवण्यात काही विसंगती वाटेनाशी झाली. काल्डेलिस म्हणतात की ही नुसती दरबारी पदवी नव्हती. भाषा, धर्म, कायदा, सामायिक आठवणी यांनी बांधलेला तो एक समाज होता, आणि शेतकऱ्यापासून सेनापतीपर्यंत सगळे त्यात मोडत होते.

याला विरोध झाला, आणि तो फालतू नाही. यान्निस स्टुराइटिस यांनी २०१४ मध्ये एका विस्तृत लेखात असं मांडलं की ही ओळख मुख्यतः राजधानीतल्या वरच्या थराची होती. आपल्याला मिळणारे ग्रंथ त्यांनीच लिहिले. अनातोलियातल्या मेंढपाळाला स्वतःबद्दल काय वाटत होतं, हे त्या ग्रंथांवरून कसं ठरवायचं? पद्धतीचा प्रश्न म्हणून हा रास्त आहे. मुक्या माणसाच्या वतीनं बोलताना इतिहासकारानं घाबरलंच पाहिजे.

पण दोन गोष्टी मला काल्डेलिस यांच्या बाजूला नेतात. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि घेतलं. राजवाडा गेला, दरबार उधळला. रोमन असणं हा राजधानीतल्या बड्या लोकांचाच मामला असता, तर तो तिथंच आटोपायला हवा होता. तो नायसिआला गेला. तिथं सत्तावन्न वर्षं सम्राट होता, कर होते, फौज होती, आणि ते सगळे रोमनच होते. १२६१ मध्ये त्यांनी शहर परत घेतलं. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. अरब, तुर्क, इराणी या मुलखाला ‘रूम’ म्हणायचे. तुर्कांनी अनातोलिया जिंकला तेव्हा तिथल्या सल्तनतीलाच रूमची सल्तनत म्हटलं गेलं. कोन्याला राहिलेले मौलाना जलालुद्दीन म्हणूनच ‘रूमी’.

हा शब्द आपल्या अंगणातही आलाय, बरं का. फटकळ माणसाला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. विजापूरच्या बुरुजावरची ती खरी तोफ १५४९ साली अहमदनगरला, निजामशाहीत, ओतली गेली. ओतणाऱ्याचं नाव मुहंमद बिन हसन रूमी. कॉन्स्टँटिनोपल पडून शहाण्णव वर्षं झाली होती, आणि त्या देशाकडून आलेला एक तुर्क कारागीर दख्खनमध्ये ‘रोमच्या मुलखातला’ म्हणून ओळखला जात होता. तो काही आपल्या अर्थानं रोमन नव्हता. पण मुलखाला लोक काय म्हणत होते याची याहून बिनपक्षपाती साक्ष कुठली काढणार?

आणि एक साक्ष तर अगदी अलीकडची. १९१२ साली ग्रीक आरमारानं लेम्नोस बेट घेतलं. पीटर चारानिस हे पुढे नामांकित इतिहासकार झाले, ते त्या बेटावरचे. त्यांनी लहानपणची आठवण सांगितली आहे. बेटावरची मुलं ग्रीक सैनिक बघायला धावली. सैनिकांनी विचारलं, काय बघताय? मुलं म्हणाली, हेलेन बघतोय, म्हणजे ग्रीक. अरे, मग तुम्ही कोण? मुलं म्हणाली, आम्ही रोमन. विसावं शतक होतं हे! माझ्या टिपणवहीतल्या ४७६ ची बातमी लेम्नोसच्या पोरांपर्यंत तोवर पोचली नव्हती. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुणीच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

इथपर्यंत मी पूर्ण सहमत. आता दुसरा भाग, राज्यकारभाराचा. इथं सावकाश जाऊ.

जुनं मत असं, की सम्राट हा ईश्वराचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी, आणि प्रजेनं फक्त नमस्कार घालायचा. या मताचा उगम बिशप युसेबिअसनं कॉन्स्टंटाईनची स्तुती करताना ३३६ साली केलेल्या भाषणात दाखवतात. काल्डेलिस म्हणतात, स्तुतिपर भाषणावरून राज्यघटना काढू नका. माणसं वागली कशी ते बघा. हा सल्ला सोन्यासारखा आहे. आपल्याकडचंही कुठलं राजेपण कुणी नुसत्या बिरुदावलीवरून समजून घेऊ म्हणेल, तर त्याला हेच सांगावं लागेल.

माणसं कशी वागली? नोव्हेंबर ५१२. सम्राट अनास्तासियसनं प्रार्थनेत एक वाक्य घालू दिलं. शहराच्या मते ते पाखंड होतं. दंगल उसळली. ऐंशीच्या घरातला सम्राट रथशर्यतींच्या मैदानात, हिप्पोड्रोममध्ये, डोक्यावर मुकुट न घालता आला, आणि म्हणाला की मी पद सोडायला तयार आहे. लोक विरघळले. मुकुट घाल म्हणाले, आणि घरी गेले. ज्याला फक्त ईश्वराला जाब द्यायचाय, तो असा बोडक्या डोक्यानं येईल का?

आणखी एक प्रसंग, एप्रिल १०४२ चा. मायकेल पाचवा हा सम्राज्ञी झोईचा दत्तक मुलगा, गादीवर येऊन चारच महिने झालेले. झोईला दूर करायचं त्याच्या मनात होतं. आधी त्यानं ईस्टरच्या मिरवणुका काढून लोकांचा कल आजमावला. जयजयकार झाला. हा खूश! लगेच झोईला बेटावर धाडलं आणि नगरप्रमुखाला चौकात जाहीरनामा वाचायला लावला. गर्दीतून एक आवाज आला की आम्हाला झोईच हवी. मग दगड. बायका रस्त्यावर उतरल्या, राजवाड्याला वेढा पडला, आणि स्कायलिट्झेस या इतिहासकारानं तीन हजार माणसं मेल्याचं लिहिलंय. मायकेल मठात लपला. तिथून ओढून काढून त्याचे डोळे काढले. मिखाएल प्सेलोस हा विद्वान दरबारी तिथं होता, त्यानं पाहिलेलं लिहून ठेवलंय. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

काल्डेलिस यांचा निष्कर्ष असा : राज्य ही सम्राटाची खासगी मालमत्ता नव्हती. ती सगळ्यांची गोष्ट होती. लॅटिनमध्ये ‘रेस पुब्लिका’, ग्रीकमध्ये ‘पोलितेइआ’. सम्राट तिचा कारभारी. लोकांनी आणला, लोक काढू शकत. आणि हे कायद्यातही दिसतं, असं ते दाखवतात. जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेत उल्पियनचं प्रसिद्ध मत आहे, की राजाची इच्छा कायदा ठरते. अर्धंच वाचलं तर हुकूमशाही वाटते. पण पुढे कारण दिलंय : लोकांनी आपली सत्ता त्याच्याकडे सोपवली म्हणून. म्हणजे मुळात ती लोकांची.

इथं काल्डेलिस रूसोचा आधार घेतात. गेल्या खेपेचं आठवा. रूसोच्या मते सार्वभौम सत्ता वेगळी आणि सरकार वेगळं. सार्वभौम लोकच, सरकार मग एका माणसाचंही असू शकतं. कायद्यानं चालणारं कुठलंही राज्य, राजा असला तरी, प्रजासत्ताकच. मजा अशी की खुद्द रूसोला कॉन्स्टँटिनोपलचा तिटकारा होता. १७५० च्या पहिल्या निबंधात त्यानं त्या शहराला विष, खून आणि कारस्थानांचं आगर ठरवलंय. तरी विचार त्याचा असला तर वापरायला हरकत नाही.

हरकत वेगळीच आहे. उसनं घ्यायचं तर पुरतं घ्यावं. १७६२ च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात रूसो एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, लोकांच्या सभा ठरावीक काळानं भरल्याच पाहिजेत. कुणी बोलावण्याची वाट बघायची नाही, आणि कुणाला त्या रद्द करता येता कामा नयेत. चौथ्या भागात तो प्राचीन रोमच्या सभांचा पानंच्या पानं तपशील देतो, तो याचसाठी. मालक घरात राहत नसेल, फक्त घराला आग लागली की धावत येत असेल, तर रोजचा कारभार कुणाचा? कॉन्स्टँटिनोपलमध्ये अशी सभा नव्हती. हिप्पोड्रोम होतं, पण तिथं लोक शर्यतीला जमत. सिनेट होती. नवव्या शतकाच्या अखेरीला सहावा लिओ सम्राट झाला आणि त्यानं सिनेटचा कायदे करण्याचा जुना हक्क कागदावरूनही पुसून टाकला, कारण आता सगळं सम्राट बघतो. त्यावर शहरात दंगल झाल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

माझा पहिला आक्षेप असा. सत्ता कुणाकडून आली, सत्तेला मर्यादा कोण घालतं आणि सत्ता रोज चालवतं कोण, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. काल्डेलिस पहिला सिद्ध करतात. दुसरा अर्धा करतात. तिसऱ्याला हातच लावत नाहीत, आणि तिन्हींवर मिळून ‘रिपब्लिक’ची पाटी लावतात.

दुसरा अर्धाच का म्हणतो? ५३२ चा जानेवारी बघा. निका दंगल. जस्टिनियननं वीस वर्षांपूर्वीचा प्रयोग पुन्हा केला. बायबल हातात घेऊन हिप्पोड्रोममध्ये आला, चूक कबूल केली, माफी जाहीर केली. लोकांनी ऐकलं नाही, हायपेशियसला सम्राट केलं. मग सैन्य आत शिरलं आणि त्याच मैदानात, प्रोकोपियसच्या आकड्यानुसार, तीस हजारांवर माणसं कापली गेली. जस्टिनियन त्यानंतर तेहेतीस वर्षं राज्यावर होता. आता सांगा, ५१२ चे लोक सार्वभौम, १०४२ चेही सार्वभौम, आणि ५३२ चे कोण? तोच लोकसमूह, तेच मैदान, तोच दावा. फरक एवढाच की सैन्य कुणाच्या बाजूला होतं. जो हक्क जिंकल्यावरच हक्क ठरतो, त्याला आपण बळ म्हणतो. काल्डेलिस यावर म्हणतील की हरलेल्यांचा हक्कही तत्त्व म्हणून कुणी नाकारला नाही, आणि सम्राटाला आधी येऊन माफी मागावीशी वाटली यातच तो मान्य झाला. या उत्तरात दम आहे. पण लोकांची भीती वाटणं आणि लोकांना जाब देणं यांत अंतर आहे. भीती कुठल्याही राजाला वाटते. जाब द्यायला ठरलेली वेळ, जागा आणि रीत लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘लोक’ म्हणजे कोण? ५१२ मध्ये ज्या वाक्यावरून शहर पेटलं, ते वाक्य सीरियातल्या आणि इजिप्तमधल्या असंख्य ख्रिस्ती माणसांच्या श्रद्धेला जवळचं होतं. तीही रोमन नागरिक होती, २१२ पासून. पण नाईलच्या काठावरचा शेतकरी हिप्पोड्रोममध्ये कधी येणार? त्याच्या वतीनं लोक म्हणून बोलले ते राजधानीतले, आणि बोलले ते त्याच्याविरुद्ध. पुढे सातव्या शतकात हे दोन्ही प्रदेश अरबांकडे गेले. उरलेलं राज्य अधिक एकजिनसी झालं, हे काल्डेलिस बरोबर सांगतात. पण म्हणून प्रश्न सुटला का?

कारभाराचंच उदाहरण घेऊ. ९२७–२८ च्या हिवाळ्यात भयंकर दुष्काळ पडला. बड्या लोकांनी अडलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी कवडीमोलानं घेतल्या. ९३४ साली सम्राट रोमानोसनं त्या परत करायचा कायदा केला. छोटा शेतकरी कर भरतो, फौजेला माणूस देतो, तो बुडाला तर सगळंच बुडेल, हे त्याचं कारण. सार्वजनिक हिताची भाषा याहून स्वच्छ मिळणार नाही, आणि ती नुसती भाषा नव्हती. दुसऱ्या बेसिल सम्राटानं तर पुढे गरिबांचा थकलेला कर शेजारच्या धनदांडग्यांवर बसवला. मग १०२८ मध्ये तिसरा रोमानोस आला आणि त्यानं तो नियम रद्द केला. एका सम्राटानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. मधे शेतकऱ्याला विचारायला जागाच नव्हती. त्यानंतर चौदा वर्षांनी शहर उठलं, ते झोईसाठी. आणि झोई कोण? त्याच तिसऱ्या रोमानोसची विधवा.

यात शहरातल्या बायाबापड्यांचा दोष काढत नाही मी. त्यांना झोईवरचा अन्याय दिसला, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोर झाला. दूरच्या शेतकऱ्याची गाऱ्हाणी समोर आणायला संस्था लागतात. ज्या राज्यात जागं होण्यासाठी लोकांना दर वेळी दगड उचलावा लागतो, तिथं दगड पोचेल एवढ्याच अंतरावरचा अन्याय दिसतो.

मग पुस्तकाचं मोल काय? मी म्हणेन, फार मोठं. ईश्वरदत्त एकाधिकारशाही ही माझी ओळ या पुस्तकानं खोडली, आणि ती खोडलीच जायला हवी होती. माझ्यासारख्यांनी त्या माणसांचं नाव काढून घेतलं होतं, तसंच त्यांचं राजकारणही. ते दोन्ही काल्डेलिस यांनी परत केलं. फक्त परत करताना एका शब्दाचं माप सैल घेतलं. त्या राज्याला मी ‘लोकांचं राज्य’ म्हणेन, लोकांनी चालवलेलं म्हणणार नाही. ते आपलं आहे हे लोकांना ठाऊक होतं, पण चालवायचं कसं याची रीत त्यांच्या हाती उरली नव्हती. आणि ही अवस्था फक्त अकराव्या शतकातच शोधायची असंही नाही. राज्य आपलं असल्याचा अभिमान आणि कारभारात आपला वाटा, या दोन गोष्टी आपण आजही एकमेकींत मिसळतो. पहिली असली की दुसरी आहेच असं धरून चालतो.

ती विद्यार्थिनी आता कुठे असते मला माहीत नाही. कदाचित हे व्याख्यान तिच्यापर्यंत पोचेलही. बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता. परीक्षेत तो यायला हवा होता.

पुढच्या खेपेला पुन्हा रूसोकडे जाऊ. त्या सभांचा भाग तेवढा वाचून या, तिथूनच सुरुवात करू.